बोर्डीचं मिसरी पाखरू

लोक डहाणूकडे चिकू खायला जातात, समुद्र बघायला जातात, गेलाबाजार दोन दिवस झोपा काढायला जातात. मी गेले ती एका मढ्याचं खरं-खोटं करायला. परत आल्यापासून जो भेटतो तो तेच विचारतोय, म्हणून एकदाच सगळं लिहून काढते.

माझं काम संग्रहालयांतल्या जुन्या वस्तूंची डागडुजी करायचं. मोडलेलं सांधायचं, कीड मारायची, आणि कुणी 'आमच्याकडे शिवकालीन तलवार आहे' म्हणत आलं की ती अगदी अलीकडची आहे हे शक्य तितक्या गोड शब्दांत सांगायचं. तीस वर्षांत या शेवटच्या कामात मी इतकी तरबेज झाले आहे की आमचा नागपूरचा भाजीवाला माझ्यासमोर मेथीला ताजी म्हणायला बिचकतो. आपल्या देशात इजिप्तच्या ममी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्यांतल्या दोघींची मलमपट्टी मी केलेली आहे. हे बोर्डीच्या पुष्पाबाईंना कुठून कळलं देव जाणे. डिसेंबरात त्यांचं पत्र आलं, फळ्यावर लिहावं तशा अक्षरात. 'माझ्या वडिलांनी इजिप्तहून आणलेली एक वस्तू आहे. येऊन खरी की खोटी ते सांगावे. राहण्या-जेवणाची सोय आहे. चिकू आहेत.' असं पत्र आल्यावर कोण घरी बसेल?

घोलवड ते बोर्डी

घोलवड स्टेशनबाहेर हितेश नावाचा रिक्षावाला माझी वाट बघत उभा होता. "बाईंकडे ना? पाखरू बघायला?" म्हणजे गावभर बातमी होती. "मला पण बाईंनीच शिकवलंय," तो अभिमानाने म्हणाला, "सातवीत दोन वेळा शिकवलं." फोनवर गुजराती, माझ्याशी मराठी आणि समोर आडव्या आलेल्या टेम्पोवाल्याशी हिंदी, असं त्याचं एका हाताने चाललेलं होतं.

वाटेत वाडीत बायका चिकूचे ढीग घालून बसल्या होत्या. लहान एकीकडे, मोठे एकीकडे, अंगावरची तपकिरी पूड धुऊन खोक्यात. मी उतरले, एक टपोरा उचलला आणि चावले. आमच्याकडे संत्रं झाडावरून तोडायचं आणि तिथेच सोलून खायचं. चिकू तोडल्यावर पिकायला ठेवावा लागतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. चिकाने दोन्ही ओठ असे चिकटले की बाईंच्या दारात मी पहिला नमस्कार मुकाट्याने केला. त्यांनी एका नजरेत ओळखलं आणि खोबरेल तेलाची वाटी पुढे केली.

पुष्पाबाई चौऱ्याहत्तरच्या. उंच, सडसडीत, आणि आवाज अजूनही शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. लग्न केलं नाही, शाळा केली. समुद्राकडच्या सुरूच्या झाडांमागे त्यांचं कौलारू घर आहे. चहा झाला, आणि त्यांनी पलंगाखालून पत्र्याची ट्रंक ओढली. कडुनिंबाच्या पाल्यात हातभर लांबीची लाकडी पेटी. झाकणाला माणसाचं अंग आणि ससाण्याचं डोकं, रंग बराचसा उडालेला. आत कापडाच्या पट्ट्यांत गुंडाळलेलं गाठोडं, त्यावर हिरवट मेणाचा इवलासा चेहरा.  असली पेटी मी तोपर्यंत फक्त छायाचित्रांत पाहिली होती.

"बापू बोटीवर खलाशी होते, इंजिनात," बाई सांगू लागल्या. "पोर्ट सैदला एका व्यापाऱ्याला अंगावरचा लोकरी कोट आणि मनगटावरचं घड्याळ दिलं आणि हे घेऊन आले. आई कानातली घेऊन येतील म्हणून वाट बघत होती. तिचं काय झालं असेल बघा."

व्यापाऱ्याने सांगितलं होतं, आत राजाचा ससाणा आहे. बापूंनी ते गावाला सांगितलं. गाव ऐकत गेलं तशी गोष्ट वाढत गेली. ससाण्याचा राजपुत्र झाला. मग एडनजवळ वादळात पेटीतून पाखरू ओरडलं आणि कप्तानाने बोट वळवली म्हणून सगळे वाचले. गावात बापूंना सगळे मिसरी म्हणत, म्हणजे इजिप्तवाले, आणि पाठीमागे थापाड्या.

"मी चौदा वर्षांची होते," बाई म्हणाल्या. "ओटीवर पाहुणे बसलेले, बापू रंगात आलेले. आणि मी सगळ्यांसमोर म्हटलं, बापू, पुरे करा आता थापा. सगळे हसले. बापूपण हसले. पण त्यानंतर त्यांनी ही गोष्ट पुन्हा कुणाला सांगितली नाही. मरेपर्यंत नाही. मी हुशार होते ना तेव्हा, वर्गात पहिली यायची!"

त्यांनी ट्रंकेचं झाकण पुसलं, उगाचच. "वस्तू मला नको. खरी असेल तर संग्रहालयाला देईन. मला फक्त कळू दे, मी माझ्या बापाला खोटं पाडलं ते खरं होतं की नाही."

रात्री जेवायला तांदळाची भाकरी, सुक्या बोंबलाची चटणी आणि चिकूचं लोणचं. आम्ही नागपूरकर तिखटाला घाबरत नाही, पण त्या बोंबलाच्या वासाला मी आधी घाबरले आणि मग तीन भाकरी खाल्ल्या. झोप मात्र लागेना. एखाद्याला तलवार कालची आहे म्हणून सांगणं सोपं असतं. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला 'तुमचे वडील फसले' असं सांगायचं माझ्यावर येऊ नये, असं मला मनापासून वाटत होतं.

डहाणूच्या हाडांच्या डॉक्टरांकडे

सकाळी भिंग, चिमटा आणि विजेरी काढून बसले. लाकडाला लाकडाच्याच खुंट्या, कापड हातसुताचं. दोन्ही जुनं, याबद्दल शंका नव्हती. पण एवढ्यावर हुरळून जायचं नसतं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तिकडचे व्यापारी थडग्यांतलं खरंच जुनं लाकूड आणि खरंच जुनं कापड घेत, आत काहीबाही कोंबत आणि गोऱ्या साहेबाला ममी म्हणून विकत. गोरा साहेब फसायचा, तिथे आमच्या बापूंची काय कथा? पोटात काय आहे त्यावर सगळं अवलंबून होतं.

पोटात बघायचं तर क्ष-किरण. डहाणूला हाडांचे एक डॉक्टर बाईंचे विद्यार्थी निघाले. मी पुण्या-मुंबईची मोठी इस्पितळं पाहिली आहेत, तिथे अशा कामासाठी चार अर्ज आणि आठ सह्या लागतात. इथे बाईंनी फोन करून "दुपारी येते" एवढंच सांगितलं. हितेशच्या रिक्षात पेटी मांडीवर घेऊन आम्ही निघालो. प्रत्येक खड्ड्याला मी डोळे मिटत होते आणि हितेश म्हणत होता, "टेन्शन नको घेऊ ताई, मागच्या आठवड्यात याच रिक्षात डिलिव्हरी झालीय."

दवाखान्यातल्या मुलीने संगणकावरून मान न उचलता विचारलं, "पेशंटचं नाव?" बाई म्हणाल्या, "पाखरू." "वय?" मी म्हटलं, "बावीसशेच्या आसपास, खरं असेल तर." मुलीने वर पाहिलं, पेटी पाहिली, आणि शांतपणे 'ज्येष्ठ नागरिक' असं भरलं. डॉक्टर मात्र घाबरलेले होते. "बाई, लहान मूल नाही ना आत? मला पोलिसांना कळवावं लागेल हं." बाईंनी चष्म्यावरून नुसतं पाहिलं. डॉक्टरांनी मुकाट्याने यंत्र चालू केलं.

फोटोत हाड नव्हतं. ना पाखराचं, ना बाळाचं. चोच नाही, बरगडी नाही, काही नाही. नुसता दाणेदार भरणा. डॉक्टरांनी सुस्कारा सोडला. मी मात्र उठून पडद्याला नाक लावलं, कारण दाण्यांची ममी हा एक खरा प्रकार आहे आणि जगात फार थोड्या उरल्या आहेत. तिकडे दर वर्षी मरून पुन्हा उठणारा एक देव होता. त्याच्या सणाला गाळ आणि जव कालवून त्याची लहानशी मूर्ती करत, पाणी शिंपडून कोंब आणत, मग पट्ट्यांत गुंडाळून ससाण्याच्या पेटीत घालून पुरत. मी हे सगळं रिक्षात एवढ्या उत्साहाने सांगितलं की हितेशने वळण चुकवलं. बाईंनी पेटी माझ्या मांडीवरून स्वतःच्या मांडीवर घेतली.

तेवढ्यावर थांबायला हवं होतं. घरी आल्याबरोबर मी गाठोड्याच्या पायाकडचं टोक भिंगाखाली धरलं. तिथे कापड कुरतडलेलं होतं आणि वर मोठमोठे टाके होते. पोतं शिवतात तसे, सुतळीचे. चिमटा आत घातला. बाहेर आले पाच-सहा बारीक तांबडे दाणे. नागली, म्हणजे आपली नाचणी. मग सालासकट एक भाताचा दाणा. इजिप्तच्या थडग्यांच्या काळात तिकडे नागली नव्हती आणि भातही नव्हता. सुतळीचं तर बोलायलाच नको.

बाई समोरच बसल्या होत्या. त्यांना दाणे ओळखायला माझी गरज नव्हती.

"नागली," त्या म्हणाल्या.

"पेटी जुनी असेल, बाई. पण आतलं कुणीतरी इकडेच... हे खरं नाही." मला यापेक्षा गोड शब्द सापडले नाहीत.

"म्हणजे मी बरोबर होते," बाई म्हणाल्या. बरोबर ठरल्याचं इतकं दुःख मी कुणाच्या तोंडावर पाहिलेलं नाही. त्या उठल्या, चहा ठेवायला गेल्या, आणि बराच वेळ आतून भांड्याचा आवाज आला नाही. मला माझ्या चिमट्याचा राग आला.

उधवा

दुसऱ्या दिवशी मी बॅग भरत होते तेव्हा बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. रात्रभर विचार केलेला दिसत होता. "भात आणि नागली पोर्ट सैदच्या व्यापाऱ्याकडे कुठून येणार? बापूंनी स्वतः भरलं म्हणावं, तर त्यांना साधं बटण लावता येत नव्हतं. या ट्रंकेला घरात तिसरा हात लागलाय तो जानकीचा. चला."

जानकी म्हणजे बाईंकडे चाळीस वर्षं घरकाम केलेली वारली बाई. दोन वर्षांपूर्वी गुडघे दुखायला लागले तशी उधव्याला आपल्या मुलाकडे जाऊन राहिली होती. हितेश हजर होताच. तलासरीला महामार्ग ओलांडला की समुद्राचा वारा संपतो. डोंगर जवळ येतात, भात कापलेली शेतं सोनेरी खुंटांनी भरलेली, मधेच ताडाची झाडं. एका टपरीवर भाव गुजरातीत लिहिलेले, वरची पाटी मराठीत आणि टपरीवाला तिसऱ्याच बोलीत बायकोशी भांडत होता. मी ताडी प्यायचा हट्ट धरला. सकाळची गोड असते म्हणे. आम्ही पोचलो तोपर्यंत दुपार होऊन ती चांगलीच आंबली होती. एक पेला घेतला आणि पुढचं सगळं मी जरा हसत-हसत पाहिलं, हे कबूल केलेलं बरं.

जानकीचं घर कुडाचं, शेणाने सारवलेलं, आत धान्याची माणसाच्या उंचीची कणगी. जानकी अंगणात सुपात भात पाखडत होती. बाईंना बघून तिने सूप ठेवलं नाही. "बसा बाई. ही कोण?"

"ही पाखरू तपासायला आलीय. जानकी, खरं सांग. त्या गाठोड्यात नागली कुणी घातली?"

"मीच," जानकी म्हणाली. चोरी पकडली गेल्यासारखं तिला वाटलंच नाही. मीठ कुणी घातलं विचारल्यावर सांगावं तसं तिने सांगितलं.

हळूहळू सगळं बाहेर आलं. कामाला लागली त्याच वर्षी ट्रंक साफ करताना तिला दिसलं, उंदराने गाठोड्याचं टोक कुरतडलंय आणि दाणे सांडलेत. घरातले सगळे म्हणत, आत मढं आहे, हात लावू नको. पण मढ्याच्या पोटात दाणा कसा असेल? दाणा आहे म्हणजे ही कणसरी, धान्याची देवी. तिने सांडलेले दाणे गोळा केले. त्यातले दहा परसात पेरून पाहिले.

"एक उगवला नाय," जानकी म्हणाली. "मंग कळलं, हिचं बी मेलंय. म्हणून उपाशी हाय बिचारी. मंग जितं बी घातलं. माझ्या शेतातली नागली, थोडा भात. दाभणाने शिवून टाकलं."

"आणि मग?" मी विचारलं.

"मंग काय? दर साल घालतो. नवा भात आपण तोंडात घालायचा त्याच्या आधी हिला चिमूटभर. देवीच्या आधी आपण कसं खायचं?" ती बाईंकडे वळली. "तुमच्याकडचं काम सोडलं, तरी दोन साल एष्टीने येऊन घालून गेलो. तुमी देवळात गेलेल्या. या साली गुडघा उठत नाय."

बाईंनी चष्मा काढला. "चाळीस वर्षं? मला सांगितलं नाहीस कधी?"

"तुमी विचारलं कवा? तुमी मला अ आ इ विचारायच्या."

मी ताडीच्या अंमलात होते की कशाच्या, पण मला एकदम हसायलाही आलं आणि डोळेही भरून आले. मी दोघींना तिकडचा सण पुन्हा समजावून सांगितला. तिकडेही हेच करत, दर वर्षी नवं बी. ते करणारे पुजारी संपले, देऊळ संपलं, ती भाषा संपली. जगातल्या संग्रहालयांत काचेआड ज्या काही दाण्यांच्या ममी आहेत, त्यांना हजारो वर्षांत कुणी एक दाणा घातलेला नाही. या एकीला दर वर्षी मिळत होता, बोर्डीत, पलंगाखाली.

जानकीवर याचा फारसा परिणाम झाला नाही. "त्यांच्याकडं पण नागली?" तिने विचारलं.

"नाही, जव."

"जव पण चालतो," ती म्हणाली आणि पुन्हा पाखडायला लागली. आम्हाला नागलीची भाकर आणि उडदाचं कालवण वाढल्याशिवाय तिने उठू दिलं नाही. आमच्या विदर्भात ज्वारीच्या भाकरीवर ठेचा असतो, इथे लाल मिरचीची सुकटीतली चटणी होती. चव निराळी, पण आग्रह करायची रीत तीच, ताटावर हात आडवा धरला तरी बोटांच्या फटीतून वाढायची.

निघताना बाई म्हणाल्या, "जानकी, उद्या हितेश गाडी घेऊन येईल. सूपभर नवा भात घेऊन ये."

पुन्हा बोर्डी

त्या संध्याकाळी मी गाठोडं पुन्हा उघडलं, या वेळी खांद्याकडून, जिथे पट्टी आपोआप सुटलेली होती. जानकीचा हात तिथवर कधी पोचला नव्हता. आत दाणे सुटे नव्हते. दगडासारखा झालेला काळा गाळ होता आणि त्यात रुतलेले जव. मी विजेरी तिरपी धरली. प्रत्येक दाण्यातून केसासारखी बारीक मुळं निघून गाळात शिरलेली आणि तिथेच वाळलेली होती. दाणे गुंडाळण्याआधी उगवले होते. साहेबाला फसवायला बसलेला व्यापारी पेटीत भुसा भरेल, माती भरेल. मातीत जव पेरून, पाणी घालून, कोंब यायची वाट बघत तो कशाला बसेल? प्रयोगशाळेची परीक्षा अजून व्हायची आहे, ती होईलच. पण माझी खात्री पटली होती आणि तसं मी बाईंना सांगितलं.

"खरं?" त्यांनी विचारलं.

"खरं. राजाचा ससाणा नाही. पण थडग्यातलं, तिकडचंच, आणि तितकंच जुनं. बापू फसले नव्हते, बाई. आणि फसवतही नव्हते."

बाईंनी मान हलवली आणि मागच्या दाराने समुद्राकडे गेल्या. ओहोटी होती, पाणी पार लांब गेलेलं. ओल्या वाळूत त्या एकट्या चालत होत्या, मधेच थांबून डोळ्यांना पदर लावत होत्या. मी मागे गेले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझी गाडी होती. निघायच्या थोडं आधी जानकी आली, गुडघ्याला फडकं बांधून, सुपात नवा भात घेऊन. पेटी ओटीवर ठेवली होती. संग्रहालयात गेल्यावर हिच्यात कुणी काही घालणार नव्हतं, हे तिघींनाही माहीत होतं. मी तीस वर्षं लोकांना बजावत आले आहे की जुन्या वस्तूला हातमोज्याशिवाय शिवायचं नाही, आत-बाहेर काही घालायचं-काढायचं नाही. जानकीने टाक्याचं टोक सैल केलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी विजेरी धरली.

तिने चिमूट घातली. मग भाताचं सूप बाईंपुढे केलं.  बाईंनी चार दाणे आत सोडले, पदराला हात पुसला, आणि ओटीवर भिंतीला टेकून बसल्या, बहुधा बापू बसत तशाच.

"पोर्ट सैदला उतरलो तेव्हा काय ऊन होतं सांगू," त्या म्हणाल्या. आवाज त्यांचा नव्हता. घोगरा, रंगात येणारा, ओटीवरच्या पाहुण्यांना वेठीला धरणारा. जानकीने सूप खाली ठेवलं. हितेश रिक्षातून उतरून पायरीवर येऊन बसला. बाई कोटाचं सांगत होत्या, घड्याळाचं सांगत होत्या, ससाण्याचा राजपुत्र कसा झाला ते सांगत होत्या. मग एडनजवळ वादळ आलं. लाटा नारळाच्या झाडाएवढ्या. बोट बुडणार, आणि तळातून पाखरू ओरडलं.

कसं ओरडलं ते बाईंनी ओरडून दाखवलं. माझी गाडी चुकत होती, आणि पेटीत राजा नव्हता, राजपुत्र नव्हता, पाखरू तर नव्हतंच. मी एका शब्दाने टोकलं नाही.